स्पर्धांना परीक्षक म्हणून जाऊन जाऊन आपलं गाणं मागे पडतं का? (नागपूर)

कोमल धैवत

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हे डोक्यात घोळून राहिलंय, गाण्यातल्या ओळखीच्यांशी बोललं की दुसऱ्या दिवशी गावभर होतं म्हणून इथे विचारते. मी नागपूरची, वय ३६. विशारद, मग एम.ए., आकाशवाणीची बी हाय ग्रेड (रेडिओवर गाणाऱ्यांची एक श्रेणी). मानेवाड्याकडे घरीच क्लास आहे, वीस-बावीस मुलं. चार वर्षांपूर्वी एका गणेश मंडळाच्या सुगम गायन स्पर्धेला ठरलेले परीक्षक आयत्या वेळी आलेच नाहीत आणि मला फोन आला, ताई अर्ध्या तासात येता का. गेले. तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. शाळांचे गॅदरिंग, बँकेच्या स्टाफची स्पर्धा, महिला मंडळांची भावगीतं, ज्येष्ठ नागरिकांची कराओके (हो, तीही), कॉलेजचे प्राथमिक राउंड. परवा डायरी काढून मोजलं. ऑगस्ट ते जानेवारी परीक्षक म्हणून १४ ठिकाणी गेले आणि गायला २ ठिकाणी, त्यातला एक मावशीच्या सोसायटीतला कोजागिरीचा कार्यक्रम.

घरचे खूश. पेपरात शेवटच्या ओळीत नाव येतं, सासूबाई कात्रण काढून ठेवतात. कपाटात ११ शाली झाल्यात, नारळ तर इतके की क्लासच्या मुलांनाही वाटून झाले. मानधन कुठे ५००, कुठे ११००, एकदा २५०० मिळाले, दोनदा नुसतं तुळशीचं रोप. ऑटोचे पैसे वजा केले तर काय उरतं ते सांगायला नको.

पैशाचं मी समजून होते. पण गेल्या महिन्यात एका संस्थेच्या कार्यक्रमाचं विचारायला गेले होते, तिथले काका मला चांगले ओळखतात, त्यांच्याकडे दोनदा परीक्षण केलंय. ते एकदम म्हणाले, "अरे वा ताई, तुम्ही गाता पण का?"

गाता पण. घरी येईपर्यंत तेच कानात.

तर विचारायचं असं की परीक्षक म्हणून कोणाचं खरंच काही बस्तान बसलंय का, म्हणजे ही लाइन आहे का, की माझं गाणं हळूहळू संपून राहिलंय आणि मला कळत नाहीये? आणि दुसरं, माझ्याच क्लासची पोरगी स्पर्धेत असली तर तुम्ही काय करता? मागच्या वेळी मी तिला मुद्दाम कमी मार्क दिले, ती तिसरी आली, तिची आई अजून नीट बोलत नाही.

पेटीवाला महाल

ताई, मी पेटी वाजवतो, स्पर्धेत संगतीले बसून २० वर्षं झाले. स्टेजवर कोपऱ्यात बसतो अन समोर परीक्षकाचं टेबल, त्याच्यामुळं परीक्षकाचा चेहरा जितका मले दिसते तितका कोणालेच दिसत नाही. गाणाऱ्या पोट्ट्याचं ध्यान शब्दाईकडे, आयोजकाचं घड्याळाकडे, मी आपला पाहून राह्यतो.

एक गोष्ट सांगतो. एका शाळेत एक पोरगी आली, दहा-अकरा वर्षांची असन. मी विचारलं बेटा पट्टी कोणती, तिनं सांगितलं काळी तीन, म्हणजे पेटीची तिसरी काळी पट्टी तिचा सा; आकडा वाढला का सूर उंच. आवाज ऐकला तर सरळ काळी पाचचा. काहून काळी तीन? तर मोबाईलवर ज्या ट्रॅकसोबत पाठ केलं तो काळी तीनचा होता. आता मुखडा खाली खर्जात, पोरीचा आवाजच निघेना, अंतऱ्यात कुठं थोडी सापडली. तीन परीक्षक होते. दोघाईनं काहीतरी लिहून पान उलटवलं, आवाज लहान आहे वगैरे लिहिलं असन. तिसरे गुरुजी होते, आता नाहीत बिचारे, ते म्हणे थांब बेटा, पेटीवाले काळी पाच द्या, आता म्हण. अन ते पोरगी जे गायली नं बाप्पा! हॉलमधले समोसे खाणारे सुदिक थांबले. दुसरा नंबर आला तिचा.

ते गुरुजी रोज सकाळी दीड घंटा खर्ज लावत, सत्तरी उलटल्यावरही. मी घरी जाऊन ऐकलं आहे. ज्याचं सोताचं गाणं चालू हाय त्यालेच सुचते का ह्या लेकराची पट्टी चुकली. ज्याचं सुटलं तो मार्क लिहून मोकळा होते अन चहा कधी येते ते पाहते. तुम्ही कितीबी स्पर्धा करा, पण रियाज किती चालू हाय ते सांगा पहिले.

निवृत्त प्राध्यापिका, धरमपेठ

अगं, तुझा प्रश्न वाचून मला माझेच जुने दिवस आठवले म्हणून जरा लांब लिहिते.

मी संगीत विभागात शिकवत होते, २७ वर्षं परीक्षण केलं. आंतरमहाविद्यालयीन, मग विद्यापीठाचे युवा महोत्सव, दोन वेळा 'इंद्रधनुष्य'लाही (राज्यातल्या विद्यापीठांचा एकत्र महोत्सव) जाऊन आले. पण पगार कॉलेजचा होता, परीक्षण वरकड. माझ्या ओळखीत निव्वळ परीक्षणावर घर चालवलेलं कोणी नाही, आणि असेल तर मला त्याच्या मार्कांबद्दल शंका येईल. आपले वसंतराव देशपांडेसुद्धा, नागपुरात सप्रे गुरुजींकडे शिकलेला एवढा मोठा माणूस, बरीच वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी करत होता. पोटाची सोय एकीकडे आणि गाणं एकीकडे, हे आपल्याकडे जुनंच आहे. तुझी पोटाची सोय म्हणजे क्लास आणि रेडिओ. परीक्षणाला त्यात धरूच नकोस.

परीक्षणाने माणसाचं गाणं झाकलं जातं हे मात्र खरं, आणि ते मोठमोठ्यांच्या बाबतीत झालंय. श्रीकृष्ण रातंजनकर बघ. मोठे गायक, संगीतशास्त्रकार भातखंडेंचे शिष्य, शिवाय फैयाज खाँसाहेबांकडची तालीम, किती सुंदर बंदिशी बांधल्यात. १९५२ मध्ये केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि रेडिओवर कलाकारांच्या ऑडिशनची नवी पद्धत आली, त्यात रातंजनकर परीक्षकांच्या खुर्चीत. नावाजलेल्या गवयांनाही पुन्हा ऑडिशन द्यायला लावल्यावर जी बोंब झाली ती सगळी या माणसाच्या अंगावर आली. पुढे ते आपल्या जवळच्या खैरागढच्या संगीत विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. पण माझ्या विद्यार्थ्यांना विचारलं तर बंदिश येते आणि बंदिश कोणाची ते माहीत नसतं. परीक्षकाचं नाव लोक लक्षात ठेवतात ते राग धरून, असा मला तरी अनुभव आहे (राग दोन्ही अर्थांनी नाही गं, एकाच अर्थाने).

आता तुझ्या विद्यार्थिनीचं. मुद्दाम कमी मार्क दिलेस ती चूक केलीस. जास्त देणं जितकं वाईट तितकंच हे, शिक्षा त्या पोरीला झाली, तुझ्या मनाच्या समाधानासाठी. आधी यादी मागवायची. आपली मुलगी असेल तर त्या गटापुरतं उठायचं आणि आयोजकांना कागदावर लिहून द्यायचं, तोंडी नाही. उठायला जागाच नसेल, म्हणजे एकटीच परीक्षक असशील, तर जायचंच नाही.

आणि मार्कांची एक गंमत सांगते, जी मला दहा वर्षांनी कळली. समज तीन परीक्षक आहेत. राधा आणि सीमा दोघी गायल्या. मी राधाला ७४ आणि सीमाला ७२ दिले, शेजारच्या बाईंनी ७५ आणि ७३, आणि तिसऱ्या साहेबांनी राधाला ६० आणि सीमाला ९२. बेरीज कर. राधा २०९, सीमा २३७. दोघींच्या मते राधा पुढे, पण जिंकली सीमा, कारण साहेबांचा हात सैल. त्यांनी ते मुद्दाम केलं असंही नाही, काही लोक ४० ते ९५ मध्ये फिरतात आणि आपण घाबरट लोक ७० ते ७८ मध्ये, मग निकाल एकटा माणूस लावतो आणि सह्या तिघांच्या. मी नंतर आग्रह धरायला लागले की मार्कांची बेरीज नको, प्रत्येकाने क्रम लावायचा आणि क्रमांची बेरीज करायची. राधा १+१+२ म्हणजे ४, सीमा २+२+१ म्हणजे ५, कमी बेरीजवाली पुढे. आयोजक कुरकुरतात, फॉर्म छापून झालेला असतो. तरी मागायचं.

सतरंजी ते साउंड

मी आयोजक आहे, मंडळाचं नाव सांगत नाही. कोमलताई, तुम्हाला वाईट वाटेल पण खरं सांगतो, आम्ही परीक्षक कसा शोधतो ते. पहिली गोष्ट जवळ राहतो का, कारण आणायला गाडी पाठवावी लागते. दुसरं म्हणजे पाच-सहा तास बसेल का. चाळीस मुलं धरा, प्रत्येकी चार मिनिटं, वर माइक लावायला, आईने वेणी सारखी करायला आणि निवेदिकेच्या शेरोशायरीला दोन-दोन मिनिटं, झाले चार तास, मग अध्यक्षांचं भाषण. आणि तिसरं, निकालावर पालक भांडले तर शांत राहील का. गाणं कसं आहे हे आम्ही विचारत नाही असं नाही, पण ते आपण एम.ए. आहात, रेडिओवर आहात यावरच धरून चालतो. तुम्ही १४ ठिकाणी गेलात म्हणजे तुम्ही या तिन्हीत बसता.

आणि त्या काकांचं वाक्य मला कळतं. आमच्या कमिटीत दिवाळी पहाटेला गायकाचं नाव निघतं तेव्हा लोक आठवतात की स्टेजवर कोणाला पाहिलं होतं. तुम्हाला स्टेजवर कधी पाहिलं? शाल घेताना. आमच्याकडे कार्यक्रमाच्या बजेटमध्ये कलाकाराचा वेगळा आकडा असतो आणि परीक्षकाचा 'सत्कार व इतर' मध्ये, हार-गुच्छासोबत. एका आकड्यातून दुसऱ्यात माणूस आपोआप जात नाही.

एक उपाय आमच्याच एका परीक्षकांनी केला होता. त्यांनी अट घातली की निकालाची बेरीज होईपर्यंत जी पंधरा-वीस मिनिटं जातात त्यात मी गाणार, पेटी-तबला बसलेलेच असतात. आम्हाला बरंच झालं, नाहीतर तेवढ्या वेळात निवेदिका पब्लिकला कोडी घालते. लोकांनी ऐकलं आणि पुढच्या वर्षी पाडव्याला त्यांनाच बोलावलं, व्यवस्थित मानधन देऊन.

त्रिमूर्तीनगर ते टोरंटो

मूळ नागपूरचा, सध्या टोरंटोत. मुलगी पियानो शिकते म्हणून इथल्या कॉम्पिटिटिव्ह फेस्टिव्हल्सच्या भानगडीत पडलो. इथे परीक्षकाला अ‍ॅडज्युडिकेटर म्हणतात आणि त्याचं मुख्य काम मार्क देणं नाहीच. सगळ्यांचं वाजवून झालं की तो उठून समोर येतो आणि सगळ्यांदेखत प्रत्येक मुलाशी बोलतो, तुझा डावा हात इथे जड होता, जरा पुन्हा वाजव बघू, असं तिथल्या तिथे शिकवतो. लेखी शेऱ्याचा कागद वेगळा मिळतो. माझ्या पोरीच्या कागदावर दीड पान मजकूर होता. आपल्याकडे मला आयुष्यात एकदा शेरा मिळाला, 'प्रयत्न चांगला'.

हे लोक बहुतेक बाहेरगावचे असतात, म्हणजे तुमच्या विद्यार्थिनीसारखा पेच कमी. ही पद्धत जुनी आहे. कॅनडात अशी पहिली स्पर्धा १९०८ मध्ये एडमंटनला झाली, आणि पुढे ब्रिटनहून परीक्षक यायचे, पश्चिमेकडच्या गावांच्या तारखा एकापाठोपाठ लावलेल्या, एक गाव संपलं की रेल्वेने पुढचं. ह्यू रॉबर्टन यायचे, त्यांचा ग्लासगोचा ऑर्फियस क्वायर प्रसिद्ध होता. हॅरी प्लंकेट ग्रीन यायचे, ते आयरिश गायक, आयुष्यभर मैफली केलेले. लोक त्यांना ऐकायला यायचे कारण ते कोण आहेत हे आधीच माहीत होतं. म्हणजे आधी नाव आणि मग खुर्ची. कोमलताईंचं उलटं झालंय.

आणखी एक, २०१३ मध्ये एक संशोधन आलं होतं, चिया-जुंग त्साय नावाच्या बाईंचं. पियानो स्पर्धांच्या अंतिम फेरीचे छोटे तुकडे लोकांना दिले, कोणाला फक्त आवाज, कोणाला आवाज बंद करून फक्त व्हिडिओ. जिंकणारा कोण ते मुका व्हिडिओ बघणाऱ्यांनी जास्त बरोबर ओळखलं, आणि यात मुरलेले संगीतकारसुद्धा होते! तेव्हापासून मी मुलीला सांगतो, इस्त्रीचे कपडे घाल.

पेटीवाला महाल

@टोरंटो, हे मले आधीच मालूम होतं, त्याच्यासाठी कॅनडाले जायची गरज नाही. पैठणीवाली पोरगी पहिल्या तिनात येतेच. 😄

एक आई

मी पालक म्हणून बोलते, राग मानू नका. आमची रविवारची पूर्ण दुपार जाते, मुलीला घसा बसू नये म्हणून पंधरा दिवस आइस्क्रीम नाही, पाणीपुरी नाही, आणि शेवटी परीक्षक मनोगतात सांगतात "सगळ्याच मुलांनी छान प्रयत्न केला, निकाल लावणं आम्हाला फार कठीण गेलं." प्रत्येक ठिकाणी हेच वाक्य. कठीण गेलं तर कुठे कठीण गेलं ते सांगा ना! माझ्या मुलीला एकदाच एका सरांनी खाली उतरल्यावर बोलावून सांगितलं की तू 'श' आणि 'ष' सारखाच म्हणतेस आणि ओळीच्या मधेच श्वास घेतेस. नंबर नव्हता आला पण ते सर तिला अजून आठवतात, ट्रॉफी दिलेले कोणीच आठवत नाहीत. त्या संशोधनाचं म्हणाल तर पैठणीला माझे साडेतीन हजार गेलेत, मी काही बोलत नाही.

कोमल धैवत

सगळ्यांचे आभार, पेटीवाले दादांचा प्रश्न जरा लागला. रियाज... खरं सांगायचं तर क्लास आणि स्पर्धांच्या सीझनमध्ये आठवड्यातून दोन-तीन दिवस, तोही अर्धा तास, मोबाईलच्या तानपुऱ्यावर. मॅडम, राधा-सीमाचं गणित मी वहीत उतरवून घेतलं.

काल एक स्पर्धा होती, आधीच हो म्हटलेलं होतं. ३८ मुलं, त्यातल्या नऊ जणींनी एकच नाट्यगीत म्हटलं, त्याच त्या ताना, त्याच जागी. यादी दोन दिवस आधी मागवली, माझी एक मुलगी लहान गटात होती, त्या गटाला मी बसणार नाही असं लिहून पाठवलं. आयोजक म्हणाले ताई एवढं काय, कोणाला कळणार आहे. मी म्हटलं मला कळेल ना. ती चौथी आली, उत्तेजनार्थ. तिच्या आईने आज गाजर हलवा पाठवला, आता तो कशाबद्दल ते माहीत नाही.

क्रमांची बेरीज करू म्हटलं तर शेजारच्या परीक्षकांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी हिशेब तपासायला आलेय. नाही झालं. पण एक झालं, मोठ्या गटात एक मुलगा दोनदा समेला चुकला आणि रडवेला झाला, मी त्याला खाली बोलावून हातावर ताल देऊन ती ओळ म्हणायला लावली, दहा मिनिटं गेली, मागे निवेदिका घड्याळ दाखवत होती. चौथ्या खेपेला आला बरोबर. मनोगतात "कठीण गेलं" म्हणायचं टाळलं, हे एका आईसाठी. 🙂

आणि सतरंजीवाले दादा, बेरजेच्या वेळेत गायचं मी विचारलं. हो म्हणाले. सतरा मिनिटं मिळाली, भीमपलास, छोटा ख्यालच, समोर निम्मे लोक पोहे खात होते. आवाज वर जाईना. तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, आधी कधी विचार करावा लागत नव्हता, काल करावा लागला. पोहेवाल्यांना काही कळलं नसेल, मला कळलं.

निवृत्त प्राध्यापिका, धरमपेठ

मार्चपर्यंत एकही स्पर्धा घेऊ नकोस. फोन आला तर माझा नंबर दे, मी नाही म्हणून सांगते, मला नाही म्हणायची सवय आहे. आणि मोबाईलचा तानपुरा चालेल, अर्धा तास नाही चालणार.

सतरंजी ते साउंड

मॅडम, असं नका करू, १५ फेब्रुवारीला आमची आंतरशालेय आहे आणि मी कोमलताईंचं नाव पत्रिकेत टाकून बसलोय.

निवृत्त प्राध्यापिका, धरमपेठ

विचारून टाकलंत का?

सतरंजी ते साउंड

…नाही. छापायला नाही गेली अजून, काढतो. पण पाडव्याच्या पहाटेला गाणार का ते सांगा, अर्धा तास, मानधन बसून ठरवू. 'सत्कार व इतर' मधून नाही.

पेटीवाला महाल

हो म्हणा ताई, पेटीले मी येतो. पट्टी काळी पाचच नं?

कोमल धैवत

सध्या काळी चार धरा दादा. पाडव्याच्या आठ दिवस आधी पुन्हा विचारा.